उतरलेली कंबर

“कंबर आणखी उतरली, ताई,” शिंपीकाका फोनवर म्हणाले. “जुन्या पँटी सगळ्या आत घ्याव्या लागणार.”

“शाब्बास!” ताई खुर्चीतच उसळल्या. साखर, रक्तदाब आणि पोट, तिन्ही हाताबाहेर गेलेल्या माणसांना फोनवरून वळण लावणं हे त्यांचं ऑफिसातलं काम. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकायचं, म्हणून शेजारच्या टेबलांवरच्या बायका ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणत चिडवायच्या. ताई हसण्यावारी न्यायच्या.

शिंपीकाका म्हणजे एक नंबरचे थापाडे. “गोड? दोनच घास!” असं त्यांनी म्हणायचा अवकाश, की मागून काकू ओरडायच्या, “खोटं बोलताहेत! वाटी चाटूनपुसून खाल्लीय!”

अलीकडे मात्र काका सुतासारखे सरळ झाले होते. गोड बंद, तळलेलं बंद. ताई दर वेळी तोंड भरून कौतुक करत होत्या.

“आज काकूंची तक्रार नाही वाटतं?” ताईंनी गंमत केली. “द्या त्यांना. त्यांचंही अभिनंदन करते.”

“ती गेली, ताई. दोन महिने होतील आता.”

“काका... बोलला नाहीत ते?”

“तुम्ही कंबर तेवढी विचारलीत.”

काका रागाने बोलले नव्हते, म्हणून ते जास्तच लागलं.

“जेवता काय?”

“चहा घेतो. भूकच मेलीय. गोळ्या मात्र वेळेवर हं! तुम्ही शाब्बास म्हणता, तेवढंच बरं वाटतं.”

उपाशीपोटी साखर उतरवणाऱ्या गोळ्या! चक्कर येऊन पडले असते म्हणजे! आणि आपण याला शाब्बासकी देत होतो, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“घरात काय आहे?”

“अंडी आहेत. शेजारीण ठेवून गेली.”

“गॅस पेटवा. फोन ओट्यावर ठेवा, बंद करू नका. मी आहे.”

समोर पुढच्या माणसाचा फोन लुकलुकत होता. ताईंनी तिकडे पाहिलंच नाही. पलीकडे डबे उघडले, मिटले. मिठाचा डबा सापडायला बराच वेळ लागला.

“मीठ कमीच ना, ताई?”

“घाला चवीपुरतं.”

टक् झालं. तवा चरचरला.

“दोन फोडली हं!” काका म्हणाले.

ताईंनी टक् एकदाच ऐकलं होतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळतील इतक्या मोठ्याने त्या ओरडल्या, “खोटं बोलताय!”

पलीकडे बराच वेळ नुसता तवा वाजत राहिला. मग ओट्याच्या कडेवर दुसरं अंडं फुटलं.