गेट सर्व्हरला विचारतं

मी आर्किटेक्ट, पण इमारतींचा नाही. मोठ्या कंपन्यांच्या वेब ॲप्लिकेशनचा आराखडा मी काढतो: कुठला भाग कुणाला विचारेल, कुणाचं ऐकेल. दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात माझं, म्हणजे सुदेश सरांचं, डिझाइन म्हणजे शेवटचा शब्द, आणि ते मला फार आवडायचं.

शहराबाहेर, इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडे, लोखंडी सांगाडे बनवणारं एक फॅब्रिकेशन यार्ड आहे. त्याचं गेट मी सर्व्हरला जोडलं. आत येताना किंवा बाहेर जाताना कार्ड लावलं की गेट सर्व्हरला विचारणार, सर्व्हर हो म्हणाला तरच उघडणार. टीममधली विनिता म्हणाली होती, "सर, सर्व्हर डाऊन झाला तर? गेटपाशी कामगारांच्या यादीची एक कॉपी ठेवूया ना." मी तिला सगळ्यांसमोर झापलं. दोन ठिकाणी याद्या म्हणजे घोळ. वॉचमन तहाकडे हाताने गेट उघडायची चावी होती, तीही काढून घेऊन ऑफिसात ठेवली. तो परस्पर कुणाला सोडायचा आणि माझा रिपोर्ट चुकायचा.

मंगळवारी नवं व्हर्जन टाकलं आणि सकाळी दहाला मोठ्या कौतुकाने स्वतः यार्डात गेलो. मी आत शिरलो, गेट मागे बंद झालं, आणि थोड्याच वेळात सर्व्हर बसला.

तेवढ्यात शेडमध्ये ग्राइंडरची चकती फुटली. तिचा तुकडा गणू नावाच्या फिटरच्या मांडीत घुसला. चौघांनी त्याला गेटपर्यंत उचलून आणलं तेव्हा मागे वाळूत रक्ताची धार लागली होती. त्याचा खेडचा गाववाला महादू दोन्ही हातांनी जखम दाबत होता आणि बोटांमधून रक्त उसळतच होतं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण बाहेर उभी राहिली. मधे पोलादी पत्र्याचं बारा फुटी गेट.

"साब, चाबी तो आप ले गए," तहा म्हणाला.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. खरं बोलला म्हणून.

फोनवर विनिता रडकुंडीला आली होती. "सर, जुनं व्हर्जन परत टाकतेय. पाच मिनिटं!"

महादूने जखम दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो फोर्कलिफ्टवर चढला. मी धावत जाऊन हात पसरून समोर उभा राहिलो. "थांब! नवं गेट आहे. सिस्टीम येतेय, आपोआप उघडेल!" सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला गणू दिसतच नव्हता, माझं डिझाइन दिसत होतं. मी हटलो नाही. पाचाची दहा मिनिटं झाली.

महादू खाली उतरला आणि त्याने लोखंडी पाइप माझ्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पडलो तशी तोंडावर लाथ बसली, मग बाकीच्यांच्याही बसल्या. दोन दात वाळूत पडले. कॉलर धरून मला बाजूला फरफटवलं. फोर्कलिफ्ट पहिल्यांदा आदळली तेव्हा गेट फक्त वाकलं. दुसऱ्यांदा खांब सुटला. तिसऱ्यांदा गेट आडवं झालं, आणि ॲम्ब्युलन्सवाले त्याच्यावरूनच धावत आत आले.

त्यांनी गणूच्या छातीवर बराच वेळ दाब दिला. मग थांबले.

माझा फोन वाजला. सर्व्हर आला होता. महादूने फोन हिसकावला. यादीत गणूच्या नावापुढे 'आत' असं दिसत होतं.

"आत?" महादूने मानगूट धरून माझं तोंड फोनवर दाबलं. "भायर काढ त्याला. काढ!"

हाताने नोंद करायची तर दोन रकाने मीच सक्तीचे केले होते: कारण, आणि जबाबदार व्यक्ती. डावा हात चालत नव्हता. उजव्या अंगठ्याने लिहिलं: गेट उघडलं नाही, गणू गेला. खाली माझं पूर्ण नाव. महादूने मान सोडली आणि गणूपाशी बसून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

संध्याकाळी आमच्या ऑफिसचा मॅनेजर शैलेंद्र हॉस्पिटलात आला. "तुझ्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलं ना? एवढंच बोल. एन्ट्री उडवतो, खलास. आणि मारलं कोणी, ते नाव पोलिसांना दे."

मानेवर महादूची पाचही बोटं काळीनिळी उमटली होती.

"मीच लिहिलं," मी म्हणालो. "गणूला मी अडवून धरलं होतं, शैलेंद्र. मारणाऱ्याचं नाव मला माहीत नाही."