अठ्ठेचाळीस आकडे

मदरबोर्डच्या उजव्या कडेला, मेमरीच्या पट्ट्यांच्या वर, मोहरीच्या दाण्याएवढे चार दिवे ओळीनं बसवलेले होते. कॉम्प्युटर सुरू केला की ते पाळीपाळीनं लागत आणि विझत. पहिला प्रोसेसरचा, दुसरा मेमरीचा, तिसरा पडद्याचा, चौथा डिस्कचा. सगळं नीट असलं तर चारही मिळून दहा सेकंदांत विझून जात. आज पहिला दिवा लागला तो लागलाच. रंग तांबूस पिवळा, उजेड स्थिर, पडदा काळा. गंधालीनं घड्याळ लावून पाच मिनिटं वाट पाहिली आणि मग मागचं बटण दाबलं.

"झालं का?" दिवाणावरून बाबांनी विचारलं.

"नाही."

"सकाळपासून नाहीच म्हणून राहिली तू."

रविवारचे साडेअकरा झाले होते. उद्या सकाळी दहाच्या आत तिला सगळी आकडेमोड देहरादूनला पाठवायची होती, आणि ती करायची सगळी सामग्री याच डिस्कवर होती.

गंधाली चव्वेचाळीस वर्षांची. रायपूरला राहायची आणि तिथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. गुढियारीतल्या या घरावर उरला भागातल्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ ती अकरा वर्षं मोजत होती. गच्चीवर चार काचेच्या बशा ठेवायच्या, दर रविवारी सकाळी सातला त्यांतली धूळ टिपून घ्यायची, सोमवारी कॉलेजच्या तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत तोलायची, आठवडाभराचा वारा आणि ओल सोबत नोंदवायची. शेजारचे हसायचे. ऑगस्टमध्ये देहरादूनच्या एका संस्थेचं पत्र आलं आणि हसण्याचा प्रश्न संपला. दोन वर्षं इथे येऊन यावर काम करा, असं त्यात होतं. होकार आणि सगळी सामग्री सतरा नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत पाठवा. सतरा म्हणजे उद्या.

तिनं होकार तीन वेळा लिहिला होता आणि तीन वेळा पुसला होता. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते. साखर होती, गुडघे गेले होते, संध्याकाळची इन्सुलिनची सुई तिच्याच हातची लागे. धाकटा भाऊ शिशिर पुण्यात. सामग्री तयार झाली की ठरवू, असं तिनं मनाशी म्हणून ठेवलं होतं. पण जुन्या प्रोसेसरवर त्या गणिताला तीन दिवस लागत आणि मध्येच ते कोसळे. म्हणून काल पंडरीतल्या एका दुकानातून तिनं नवा प्रोसेसर आणला होता, त्याच खाचेत बसणारा.

दुकानातल्या विशालला फोन लावला.

"दीदी, बोर्ड पुराना है ना आपका? तो फर्मवेअर भी पुराना होगा. नया प्रोसेसर पहचानेगा ही नहीं."

"हे काल काहून नाही सांगितलं?"

"आपने पूछा नहीं, दीदी. मुझे लगा आप तो साइंसवाली हो."

फर्मवेअर म्हणजे बोर्डाच्या पोटातला लहानसा प्रोग्रॅम. डिस्कच्या आधी तोच जागा होतो, आणि कोणकोणते प्रोसेसर ओळखायचे ते त्याला आधीच शिकवलेलं असतं. विशालनं सांगितलं ते तिनं कागदावर उतरून घेतलं: जुना प्रोसेसर परत बसवायचा, पेनड्राइव्हवरून नवं फर्मवेअर चढवायचं, मग पुन्हा नवा बसवायचा. "और हाँ," तो म्हणाला, "बीच में लाइट गई तो बोर्ड गया. फिर मुझे मत बोलना."

तिनं जुन्या प्रोसेसरवरची पांढरी पेस्ट स्पिरिटच्या कापसानं पुसली, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खाचेच्या त्रिकोणासमोर आणला, दांडी खाली केली. वरून पंखा घट्ट बसवला.

"बाबा, फ्रिज बंद करा. मिक्सरले हात लावू नका. पाच मिनिटं काहीच चालू करायचं नाही."

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरू लागली. दहा टक्के. पंचवीस. एकेचाळीसला गल्लीतल्या कुठल्याशा वेल्डिंगच्या दुकानानं काम सुरू केलं असावं, कारण ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली आणि टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करू लागला. त्याची बॅटरी सात मिनिटं टिकायची, पण ते नवी असताना. गंधालीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. साठ. साठवरच बराच वेळ. यूपीएसचं ओरडणं थांबलं. ब्याऐंशी. शंभर.

मग तिनं नवा प्रोसेसर बसवला. पहिला दिवा लागला आणि विझला. दुसरा विझला. तिसरा. चौथा. तिला वाटलं, आता खुर्चीवर मान टेकवावी.

पण विंडोजच्या खिडक्यांचं नेहमीचं चित्र आलं नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत चार ओळी आल्या. नवा प्रोसेसर सापडला आहे, सुरक्षेची जुनी माहिती याच्याशी जुळत नाही, ती पुसून नव्यानं सुरू करायचं का? होय असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन. आणि खाली इशारा होता की डिस्कला कुलूप असेल तर पुसल्यानंतर ती किल्लीशिवाय उघडणार नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. डिस्कला कुलूप आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसेल तर दाबायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता; पडद्याचा फोटो काढून विशालला पाठवावा म्हणून ती उठली. जाऊन यायला तिला मिनिटभरही लागलं नसेल.

परत आली तेव्हा ओळी गेल्या होत्या आणि बाबा भिंतीला एक हात टेकून टेबलापाशी उभे होते. दुसऱ्या हाताचं बोट अजून कीबोर्डच्या वर होतं.

"बाबा, काय केलं?"

"ते विचारून राहिलं होतं. मी हव म्हटलं."

"काहून?"

"काहून म्हणजे? इथवर आणलं कशासाठी मग? विचारलेलं असं लटकवत ठेवत नाहीत, बाई." बाबांनी तेहतीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढली होती. "स्टेशन मास्तर विचारते, गाडी सोडू का? मी तुझ्यासारखा फोटो काढत बसलो असतो तर हावड्यापर्यंत मालगाड्या उभ्या राहिल्या असत्या."

पडदा निळा झाला. मधोमध आठ रिकामे चौकोन, आणि वर एक ओळ: या डिस्कची किल्ली भरा. अठ्ठेचाळीस आकडे.

निळ्या पडद्याचा फोटो तिनं पाठवला; विशालनं तो पाहून लगेच फोन केला. "वाय दबा दिया? अरे दीदी. अब पुराना वापस लगाने से भी कुछ नहीं होगा. जिसके खाते से विंडोज चालू किया था, की उसी के खाते में मिलेगी. नहीं मिली तो डेटा भूल जाओ."

बॅकअपची डिस्क जूनमध्ये बिघडली होती. नवी आणायची राहिली होती, जशा आणखी काही गोष्टी राहिल्या होत्या. वह्या होत्या, पण त्या २०१९पर्यंतच्याच. त्यानंतरचं सगळं या निळ्या पडद्याच्या मागे होतं. बाबा पुन्हा दिवाणावर बसले होते आणि तिच्याकडे न पाहता गुडघा चोळत होते. "माह्यामुळे काही बिघडलं का?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. आवाज बरोबर लागला नाही.

खातं शिशिरचं होतं. मागच्या राखीला आला तेव्हा त्यानंच सगळं नव्यानं घालून दिलं होतं. तुझा पासवर्ड तुलेच आठवत नाही, माझ्यानं करून टाकतो, म्हणाला होता.

शिशिरकडे काही मागायचं तर त्याचा मूड सांभाळावा लागे. रागावला की तो फोन ठेवायचा. आईच्या वर्षश्राद्धावरून एकदा ठेवला तो पाच महिने उचलला नव्हता. गंधाली पाणी प्यायली आणि तिनं नंबर लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी सातव्या रिंगला उचलला. टाइप करायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवला.

"ताई! संडेले फोन? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. समोरच आहेत. शिशिर, माझ्या कॉम्प्युटरची चाबी तुझ्या खात्यात आहे. अठ्ठेचाळीस आकड्यांची. आत्ता पाहिजे."

"काय तोडलं?"

"मी नाही," ती म्हणाली आणि थांबली. "प्रोसेसर बदलला."

"तू? स्वतः? कौमुदी, ऐकलं का, ताईनं प्रोसेसर बदलला!" मागून त्याच्या बायकोचं, कौमुदीचं, हसणं आलं. "अगं पण इतकं अर्जंट काय आहे? धूळ उद्याही पडेल ना."

"उद्या दहापर्यंत पाठवायचं आहे. एका संस्थेले."

"बरं बाबा. थांब, लॅपटॉप उघडतो. तुझ्यासाठी मॅच सोडून राहिलो, लक्षात ठेव."

चार मिनिटं गेली. तो लॉगिन करत होता, त्याच्या फोनवर कोड येत होता, कोड चुकत होता. गंधाली निळ्या पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहत होती.

"मिळाली. लिही. चार एक तीन, दोन पाच नऊ."

तिनं भरले.

"शून्य आठ शून्य, सहा चार एक."

भरले. दोन्ही संख्यांना अकरानं पूर्ण भाग जात होता, हे तिच्या लक्षात आलं. असे आकडे दिसले की तिचं डोकं आपोआप ते करायचं.

"पाच दोन एक, सात आठ सहा."

"पुन्हा पाहा. चुकलं वाटते."

"मी समोर वाचून राहिलो आणि चूक तुले तिथून दिसते?"

"अकरानं भाग जात नाही."

"पाच दोन सात, एक आठ सहा," शिशिर म्हणाला. "ताई, तुझ्या कॉलेजातले पोट्टे कसे जगतात गं?"

बाबा खुसखुसले. गंधालीच्याही खांद्यांवरचा ताण थोडा उतरला. चौथा गट झाला, पाचवा झाला. सहाव्याला ती मोठ्यानं आकडे परत म्हणून दाखवू लागली. सातवा झाला. आता एकच चौकोन रिकामा होता.

"ऐक ना," शिशिर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, खाली आला होता. "बरं झालं तूच फोन केला. महिना झाला, सांगू सांगू म्हणून राहिलो. कौमुदीले कंपनी जर्मनीले पाठवून राहिली. तीन वर्षं. आम्ही दोघं जाऊन राहिलो, फेब्रुवारीत."

गंधालीनं कीबोर्डवरून हात उचलले.

"बाबांचं टेन्शन होतंच. पण कौमुदीच म्हणाली, ताई आहेत ना तिथं. तेव्हा कुठं आम्ही हव म्हटलं. तू नसती तर आमचं काही जमलं नसतं, खरंच सांगतो. बाबा, ऐकू येते ना?"

"येते," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, बराच वेळ, एकच काच.

सहा आकडे. सांगायला दहा सेकंद, भरायला दहा. मग डिस्क उघडेल, अकरा वर्षं जिथल्या तिथं असतील, संध्याकाळपर्यंत गणित पूर्ण होईल, सकाळी ते जाईल. अभिनंदन म्हणायचं, आकडे घ्यायचे आणि बाकीचं सावकाश सांगायचं. यात खोटं असं काहीच नव्हतं. पण सावकाश म्हणजे कधी हे तिला चांगलं माहीत होतं. ऑगस्टपासून ती सावकाश सांगू असंच म्हणत होती. आज आकडे घेतले तर शिशिर ताई आहे म्हणून तिकिटं काढेल, बाबा ती आहे म्हणून गप्प राहतील, आणि उद्या सकाळी ती चौथ्यांदा होकार पुसेल.

आणि आधी सांगितलं तर तो फोन ठेवू शकत होता. वर्षश्राद्धाच्या वेळी ठेवला होता तसाच.

"ताई? झोपली का?" शिशिर हसून म्हणाला. "आठवा घे. सहा..."

"थांब. आकडे नको सांगू अजून."

"काहून?"

तिनं कीबोर्ड बाजूला सरकवला आणि खुर्ची वळवली. आता बाबांचा चेहरा समोर होता आणि फोन हाताशी. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आधी माझं ऐकून घे, मग तुले सांगायचे असतील तर सांग," गंधाली म्हणाली. "बाबा, तुम्हीही ऐका. देहरादूनच्या संस्थेनं मले बोलावलं आहे, ऑगस्टपासून माझ्याजवळ पत्र आहे. मी जानेवारीत चालली, दोन वर्षांसाठी. बाबांनी कुठं राहायचं ते आपण तिघं मिळून ठरवू, त्यांले विचारून ठरवू. पण मी इथं राहणार आहे असं धरून नाही, शिशिर. मी जाऊन राहिली."