बाळंतिणीची शेगडी

मुलाने आणलेल्या विजेच्या हीटरकडे राधाबाईंनी असं काही पाहिलं, की त्या हीटरला जीव असता तर तो आल्या पावली सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानात परत गेला असता.

"याले ना निखारा, ना राख," त्या म्हणाल्या. "यावर ओवा कुठं टाकू? धुरी कशी देऊ? हे का बाळंतिणीले शेकीन?"

देवानंद पोलाद कारखान्यात ड्युटीवर निघाला होता. एक पाय सायकलवर टाकून तो म्हणाला, "धुरी राहू दे, माय. पण बंद खोलीत कोळसा पेटवू नोको. आमच्या फर्नेसवर कोळशाच्या गॅसनं धडधाकट माणूस बसल्या जागी लुढकते. वास नाई, काई नाई. डोकं जड होते, पायातलं बळ जाते, अन् खतम."

"तुया प्लांट तुयापाशी ठेव. तुले म्या शेगडीवरच शेकलं, मेला का तू?"

देवानंदने पायडल मारलं. तो गेला.

राधाबाईंचा हट्ट उगाच नव्हता. सून वच्छला, तिचं पहिलं मूल गावाकडे कुडाच्या घरात छाती भरून गेलं होतं. भिंतीच्या फटींतून थंडी येत राहिली आणि शेगडी तिच्यापुढे पुरी पडली नाही. त्या दिवसापासून वाऱ्याशी त्यांचं उभं वैर होतं. म्हणून तर भिलाईचं हे नवं क्वार्टर त्यांना मनापासून आवडलं होतं. वर स्लॅब, खिडक्यांना काचा, भिंतींत बोट जाईल एवढीही फट नाही. या घरात नातवाला थंडी शिवणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

त्या दिवशी पौषातलं आभाळ भरून आलं होतं आणि झोंबरा वारा सुटला होता. सुनेला न्हाऊ घालून होताच राधाबाईंनी हीटर कोपऱ्यात सारला. अंगणात कोक पेटवला. हा भट्टीत भाजून काढलेला कोळसा, त्यामुळे धुराचं नाव नाही. लालबुंद शेगडी त्यांनी खाटेखाली सरकवली, दाराला वरची कडी घातली, झरोक्यात जुनं लुगडं कोंबलं आणि समाधानाने भिंतीला टेकल्या.

"आत्याबाई, डोकं लय दुखून राहिलं," थोड्या वेळाने वच्छला म्हणाली.

"न्हाल्यावर दुखतेच. नीज."

वच्छला निजली. बाळही दुधासाठी रडायचं विसरून निजलं. दोघांचे गाल कसे लाल झाले होते! ऊब मानवली, राधाबाईंना वाटलं. त्यांचंही कपाळ ठणकत होतं, पण सकाळपासून चहा कुठे झाला होता? ओवा टाकायला म्हणून त्या उठू लागल्या, तर गुडघे उचलेनात.

"वच्छले."

उत्तर नाही.

"वच्छले! अवं, बोल ना!"

सुनेचा हात खाटेवरून नुसता लोंबत होता. डोकं जड, पायात बळ नाही. पोरगा हेच सांगत होता, हेच, आणि आपण त्याचं तोंड बंद केलं!

त्यांनी बाळाला ओढून छातीशी घेतलं. ते कापडाच्या गाठोड्यासारखं सैल पडलं होतं. दाराकडे जायचं तर कडी वर, आणि उभं राहवत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. न्हाणीचा पितळी तांब्या हाताला लागला. अंगात उरलंसुरलं बळ होतं ते लावून त्यांनी तो खिडकीवर भिरकावला.

काच खळकन फुटली. ज्या वाऱ्याला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, तो भस्सकन आत आला. राधाबाई गुडघ्यांवर सरपटत खिडकीशी गेल्या आणि त्यांनी बाळाचं तोंड त्या भगदाडासमोर धरलं. टोपडं ओढून काढलं, दुपटं सोडलं. चार श्वास घेतल्यावर चौकट धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी कडी पाडून दार उघडलं. बाळ काखेत, सुनेला एका हाताने दंडाला धरून त्यांनी तिला खाटेवरून खाली ओढलं आणि फरफटत उंबऱ्यापर्यंत आणलं. वच्छलेने भडभडून ओकारी केली आणि डोळे उघडले.

बाळ मात्र गप्पच होतं. राधाबाई त्याचे तळवे चोळत होत्या, पाठ थोपटत होत्या. "रड रे माया राजा, रड!" शेवटी बाळाचा ओठ थरथरला, त्याने एक बारीकसा हुंदका दिला आणि मग क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीला ऐकू जाईल असा टाहो फोडला.

शेजारच्या गिरजाबाई धावत आल्या आणि पाहतच राहिल्या. "अवं माय! ओली बाळंतीण उंबऱ्यात, अन् लेकरू उघडं वाऱ्यात? गारठवून मारता का त्याले? आणा इकडं, दार लावते!"

त्यांनी दाराला हात घातला. राधाबाईंना उठवत नव्हतं. त्यांनी आपला पाय दारात आडवा टाकला.

"लागू दे," त्या रडत रडत म्हणाल्या. "लागू दे व माय त्याले वारा."