बोळातली गरम पट्टी

शिवाजी पेठेतल्या बसाप्पा मामांच्या घरात त्या हिवाळ्यात गिझर आला आणि पाठोपाठ दानेश्वरीचा ओव्हन. दानेश्वरी म्हणजे मामांची सून. निपाणीला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून लग्न होऊन आलेली. नानकटाई घरीच भाजायची तिला भारी हौस.

अडचण एकच होती. ओव्हन चालू असताना कुणी गिझर लावला की फ्यूज उडायचा. तिचा नवरा मल्लेश शेवटी वैतागला. त्यानं फ्यूजमधली बारीक तार काढून तांब्याची चांगली जाड तार पिळून बसवली. फ्यूज उडायचा थांबला आणि घरात सगळे खूश झाले.

दानेश्वरीही खूश होती. पण एका सकाळी घरातल्या अरुंद बोळातून जाताना तिचा हात भिंतीवरच्या लाकडी पट्टीला लागला. त्या पट्टीच्या आतून वायर गेली होती. पट्टी गरम होती. तिथं ना ऊन यायचं, ना जवळ चूल. तिनं तळहात ठेवत ठेवत माग काढला, तर स्वयंपाकघरापासून थेट मीटरच्या बोर्डापर्यंत पट्टी तशीच गरम.

मल्लेशला सांगितलं, तर विजेचं काम म्हटल्यावर थोडं तापणारच, असं म्हणून तो दुकानाला गेला. तिचं काही समाधान होईना. दुपारी कामं आवरल्यावर तिनं स्वतःच बघायचं ठरवलं. आधी नुसता ओव्हन लावला. पट्टी जेमतेम कोमट झाली. ती निवेपर्यंत थांबून मग नुसता गिझर लावला. तेवढीच कोमट. मग दोन्ही एकदम लावले, आणि थोड्या वेळानं ठेवलेला हात तिला झटकन मागं घ्यावा लागला.

तिनं दोन्ही बंद केले आणि तिथंच विचार करत उभी राहिली. दोन कोमट मिळून एवढं कडक कसं होतं? मग तिला कॉलेजातला फळा आठवला. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट. परीक्षेत हे गणित तिनं बिनचूक सोडवलं होतं, पण त्याचा चटका आज पहिल्यांदा बसला. फ्यूजची तार बारीक का असते, तेही लक्षात आलं. भिंतीवरची वायर तापायच्या आधी फ्यूजच्या तारेनं वितळून जावं म्हणून.

संध्याकाळी तिनं चौपटीच्या हिशोबासकट सगळं मामांच्या आणि मल्लेशच्या कानावर घातलं. मामांनी गल्लीतल्या सयाजी वायरमनला बोलावलं. मेन स्विच बंद करून त्यानं पट्टी उघडली. आतलं लाकूड काळं पडलं होतं. वायरीवरचं प्लास्टिक वितळून दोन्ही तारा उघड्या पडल्या होत्या, एकमेकींना टेकायच्या बेतात.

"आणि थोडं दिवस गेलं असतं तर पेटलंच असतं की," सयाजी म्हणाला.

मल्लेशनं वाकून त्या तारा बघितल्या. "जाड तार घातली तवा मला वाटलं, झालं काम."

"मला पण तसंच वाटलं हुतं," दानेश्वरी म्हणाली.

सयाजीनं जुनी वायर काढून टाकली. गिझरला मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, ओव्हनला वेगळी. दोन्हींना आपापला योग्य तारेचा फ्यूज, जाड पिनांचा पॉवर प्लग आणि अर्थिंग. काम झाल्यावर दोन्ही एकदम लावून बघितले. दानेश्वरीनं नव्या पट्टीवर हात फिरवला. गार होती.

जेवताना मल्लेशचा घास हातातच राहिला. "पण चौपट का? दुप्पट का न्हाय?"

तिनं तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर आकडे मांडायला लागली. मामाही ताट सरकवून वाकून बघू लागले.