त्रेसष्ट नंबरची डबी

मी एक जुना थर्मल सायकलर आहे. नाव अवघड वाटले तर सोडून द्या, मित्रांनो. परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षे काढली, तिथे मला सगळे नुसते 'पीसीआर' म्हणत. दिसायला मी एखाद्या छोट्या पेटीसारखा आहे. वर जड झाकण, आत शहाण्णव बारीक खड्डे, आणि त्या खड्ड्यांत बसणाऱ्या नखाएवढ्या नळ्या. मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण गोड आवाजात सांगेन असे समजू नका. मला राग आला आहे आणि तो दोन वर्षे झाली तरी उतरलेला नाही.

आधी माझे काम सांगतो. क्षयरोगाचा जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या पोटातला जनुकांचा धागा तर त्याहून कितीतरी बारीक. त्या धाग्याचा एक तुकडा नळीत घालून माझ्या हवाली करतात. मी तो चांगला तापवतो, थंड करतो, पुन्हा थोडा तापवतो. प्रत्येक फेरीत एकाचे दोन होतात, दोनाचे चार. अशा पस्तीस फेऱ्या झाल्या की तीन तासांत त्याच तुकड्याच्या अब्जावधी प्रती तयार होतात. मग शेजारच्या खोलीतले दुसरे यंत्र त्या प्रतींमधली अक्षरे वाचते. एखादे अक्षर बदललेले निघाले, तर कळते की अमुक औषधाला हा जंतू जुमानणार नाही. म्हणजे सगळ्या शोधाची सुरुवात माझ्यापासून होते.

मी परदेशातल्या कारखान्यातून आलो, त्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद होती. राजाराम घाडी यांनी मला छातीशी धरून तीन मजले वर आणले. राजाराम आमचे तंत्रज्ञ. लालबागला मसाल्याच्या गल्लीत राहणारे. उन्हाळ्यात तिथे मिरच्या कुटायला लागले की घरच्या कपड्यांवर तिखट बसते, म्हणून त्या दोन महिन्यांत ते शर्ट बदलल्याशिवाय मला हात लावत नसत. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ घालत, पण पंख्याच्या जाळीत पाकळी जाऊ नये म्हणून तासाभरात काढूनही ठेवत. मी चालवलेली प्रत्येक खेप ते एका जाड वहीत तारखेसकट लिहीत. नमुन्याचा नंबर, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, खाली सही. संगणक आला तरी ती वही त्यांनी सोडली नाही.

कोरोनाच्या वर्षी माझे दिवस फार मानाचे होते. विषाणूचा नवा प्रकार शहरात आला की काय, हे पाहण्यासाठीचे नमुने माझ्याकडे येत. मी दिवसाला चार-चार खेपा केल्या. वर्तमानपत्राचे लोक आले. आमचे विभागप्रमुख डॉ. हितेंद्र कोठारे माझ्या झाकणावर हात ठेवून त्यांना म्हणाले, "हा आमचा सगळ्यात विश्वासू सहकारी." दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

त्यानंतर क्षयरोगाचा अभ्यास सुरू झाला. गिरणगावातल्या एका दवाखान्यातून रुग्णांच्या बेडक्याच्या डब्या येऊ लागल्या. डबीवर नाव नसे, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा, याची यादी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे कुलुपात असे. कोणाचा आजार कोणाला कळू नये म्हणून ही सोय होती, आणि ती चांगलीच होती. अभ्यासाचे रोजचे काम डॉ. मृणालिनी विजयकर बघत. या गिरगावच्या. बोलायला मऊ, कामात कडक. त्यांची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची होती, आणि दरवर्षी त्या कागदावर सही डॉ. कोठाऱ्यांची लागे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्रेसष्ट नंबरची डबी आली. मी माझे काम केले. दुसऱ्या दिवशी अक्षरे वाचून झाली, तेव्हा मृणालिनीबाई कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"राजारामकाका, हे पुन्हा लावू या," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बदललेलं आहे. दोन मुख्य औषधांपैकी एक या पेशंटवर चालत नसणार."

"दवाखान्यात कळलं असेल की त्यांना."

"नाही. तिथल्या झटपट तपासणीत दुसऱ्या औषधाबद्दल कळतं. या औषधाबद्दल नाही. त्यांच्या कागदावर साधा टीबी असंच लिहिलेलं असणार."

राजारामांनी मला पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा लावले. तिन्ही वेळा तेच अक्षर, त्याच जागी. वहीत तिन्ही तारखा उतरल्या.

मृणालिनीबाई डॉ. कोठाऱ्यांना तिथेच घेऊन आल्या. त्यांचे बोलणे माझ्यासमोर झाले.

"सर, हे दवाखान्याला कळवायला हवं."

"मृणालिनी, हा अभ्यास आहे, निदान नाही," ते म्हणाले. "पेशंटने सही केलेल्या कागदावर लिहिलंय, निकाल कळवला जाईलच असं नाही."

"पण ती व्यक्ती आज सकाळीही तीच गोळी घेत असेल. एक औषध लुळं पडलं की सगळा भार दुसऱ्यावर येतो. जंतू मग त्यालाही सरावतो."

"आणि आपला निकाल चुकला तर? बारा वर्षांचं मशीन आहे. निदानासाठी त्याला मान्यताही नाही."

"तीनदा केलंय, सर. आणि आपण नुसतं एवढंच म्हणायचं, की मान्यता असलेल्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घ्या."

"नैतिकता समितीला अर्ज लिही. माझ्यामार्फत पाठव. आधी पेपर स्वीकारला जाऊ दे, मग बघू. आत्ता बाहेर गेलं तर दुसरं कोणी छापून मोकळं होईल."

संशोधनात रुग्णांवर अन्याय होऊ नये हे ही समिती बघते. मृणालिनीबाईंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तो डॉ. कोठाऱ्यांच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला.

मित्रांनो, माझा राग इथून सुरू होतो. त्याच आठवड्यात डॉ. कोठारे माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून परदेशी मासिकासाठी पेपर, म्हणजे संशोधनाचा निबंध, लिहून घ्यायला सांगत होते. त्यांनी सांगितले, "पासष्ट नमुने. सर्व एकाच यंत्रावर. निकाल अत्यंत विश्वासार्ह." ते यंत्र मीच. निबंधासाठी मी विश्वासार्ह होतो. रोज सकाळी निकामी गोळी गिळणाऱ्या माणसासाठी मात्र मी म्हातारा, चुकणारा, मान्यता नसलेला. मला तोंड असते तर मी त्यांना तिथेच विचारले असते.

मार्च गेला, एप्रिल गेला. मृणालिनीबाईंनी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा "बघतो" असे उत्तर मिळाले. मेमध्ये त्यांचा करार पुन्हा व्हायचा होता, आणि मे महिन्यात त्यांनी आठवण केली नाही. मी त्यांचा मान राखतो, पण तेवढ्यासाठी ही गोष्ट लपवणार नाही. त्या गप्प राहिल्या. राजारामही गप्प राहिले. मी तर मुळातच मुका.

जुलैत पुन्हा एक डबी आली. तिच्यावर लिहिले होते, 'त्रेसष्ट, दुसरा नमुना'. सहा महिने औषध घेऊनही बेडक्यात जंतू दिसत होते, म्हणून दवाखान्याने अभ्यासासाठी पुन्हा पाठवली होती. राजारामांनी नळ्या बसवल्या. माझ्या पस्तीस फेऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. फेब्रुवारीच्या कागदावर एक अक्षर बदललेले होते. जुलैच्या कागदावर दोन. दुसरे अक्षर दुसऱ्या मुख्य औषधाच्या जागेवर होते. मधल्या पाच महिन्यांत जंतू तेही शिकला होता, आणि ते शिकायला आम्ही त्याला वेळ दिला होता.

बाईंनी भिंतीवरचा फोन उचलला आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना नंबर सांगितला, दोन्ही निकाल सांगितले. फोन ठेवून त्या राजारामांना म्हणाल्या, "परवानगी न घेता केलाय. कोणी विचारलं तर तुम्हाला माहीत नव्हतं असं सांगा."

"मी इथंच उभा होतो, मॅडम," राजाराम म्हणाले. "तसंच सांगीन."

मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासणी झाली. माझा निकाल बरोबर ठरला. औषधे बदलली गेली.

पंधरा दिवसांनी एक बाई जिने चढून वर आली आणि दाराशी थांबली. हातात स्टीलचा डबा होता. "परळच्या लॅबवाल्या मॅडम इथंच बसतात काय?" तिने विचारले. तिचे नाव अंबिका. घोडपदेवच्या चाळीत राहणारी, मूळची कणकवलीकडची, घरी पोळीभाजीचे डबे करणारी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितले होते की परळहून फोन आला म्हणून तुमच्या मुलीचा खरा आजार कळला. ती आभार मानायला आली होती. त्रेसष्ट नंबरला पहिल्यांदा नाव मिळाले ते तिच्या तोंडून. रुपाली. वय एकवीस. शिवडीच्या गोदामात सामान बांधायची, आणि संध्याकाळी कबड्डी खेळायची.

"अंबिकाताई, बाहेर बाकावर बसू या," मृणालिनीबाई म्हणाल्या. दार उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते.

"चढाईला जायची ती," अंबिका सांगत होती. "एका दमात तिकडं जाऊन तिघींना मारून यायची. आता डाक्टर म्हणतात, डाव्या बाजूचं वरचं फुफ्फुस गेलं. पण जीव वाचंल. तुम्ही फोन केलात म्हणून. खोबऱ्याच्या वड्या आणल्यात, घरच्याच हायत." मग तिने सहज विचारले, "तुम्हाला कधी कळलं ओ, मॅडम?"

खोटे बोलणे सोपे होते. जुलै म्हटले असते तर वड्या मिळाल्या असत्या.

"फेब्रुवारीत," मृणालिनीबाई म्हणाल्या.

अंबिकाला आधी नीट कळले नाही. "या फेब्रुवारीत?"

"हो."

"तेव्हा तर ती खेळत होती. होळीपर्यंत खेळत होती." अंबिकाचा आवाज चढला नाही. "मी रोज समोर बसवून गोळ्या देत होते तिला. उलटी झाली तर पुन्हा देत होते. एक दिवस चुकवला नाय. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"आम्हाला नुसता नंबर माहीत होता. पण फोन करता आला असता. मी केला नाही. चूक माझी आहे."

अंबिका उठली. "माझ्या पोरीचा बेडका तुम्हाला चालला," ती म्हणाली. "पोरगी नाय चालली."

तिने डबा उचलला आणि ती जिना उतरून गेली.

त्या दुपारी मृणालिनीबाईंनी समितीला थेट पत्र लिहिले. त्यात तारखांसकट सगळे होते, स्वतःचा मे महिनासुद्धा. समिती बसली ती आमच्याच खोलीत. डॉ. कोठारे म्हणाले, "फेब्रुवारीत निकाल खात्रीचा नव्हता. यंत्र जुनं आहे, एका खेपेवर कोण विश्वास ठेवणार?"

तेव्हा राजारामांनी जाड वही पुढे केली. "एक खेप नाय, साहेब. तीन. तारखा बघा. आणि यंत्रावर विश्वास नव्हता तर निबंधात काय लिहिलंय तेही एकदा बघा."

समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही वाचले.

तुम्हाला वाटेल, मग न्याय झाला. अर्धाच झाला, मित्रांनो. नियम बदलला. उपचार बदलू शकेल असा निकाल आता सात दिवसांच्या आत दवाखान्याला कळवावा लागतो आणि मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. डॉ. कोठाऱ्यांकडून तो अभ्यास काढून घेतला, पण ते विभागप्रमुख आहेतच. निबंध छापून आला, त्यावर त्यांचे नाव पहिले आहे आणि त्या निबंधाबद्दल बोलायला ते परदेशी जाऊन आले. परवानगीविना फोन केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली ती मृणालिनीबाईंना. ती त्यांच्या फायलीत आजही आहे. त्यांनी ती काढून टाकण्याची विनंती केलेली नाही.

रुपाली वाचली. वर्षभर कडक औषधे घेऊन बरी झाली. राजाराम घोडपदेवला जाऊन तिला भेटून आले. अंबिकाने त्यांना चहा दिला, पण मृणालिनीबाईंचे नाव काढू दिले नाही. रुपाली आता औषधांच्या दुकानात बसते. चाळीचे दोन जिने चढताना तिला एकदा थांबावे लागते. चढाईला ती पुन्हा गेली नाही.

माझ्या जागी मान्यता असलेले नवे यंत्र आले. मला बाहेरच्या बोळात कपाटावर ठेवले आहे. अंगावर 'वापरात नाही' अशी चिठ्ठी आहे. त्याचे मला दुःख नाही. नवे यंत्र चांगले आहे, आणि ते हवेच होते. गेल्या आठवड्यात अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या कोणा रुग्णाचा निकाल आला. मृणालिनीबाईंनी दोन दिवसांत फोन लावला. पाच मिनिटांचे काम होते. पाच मिनिटांचे! ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला पुन्हा राग आला.

म्हणून, मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझी माळ पुन्हा घाला, असे मागणे मी मागत नाही. तुमच्यातले कोणी उद्या संशोधक होतील. तुमच्याही हाती नाव नसलेल्या डब्या येतील. नाव गुप्तच ठेवा, तो त्या माणसाचा हक्क आहे. पण त्या डबीत जे सापडेल, तोही त्याचाच हक्क आहे. ते त्याला त्याच आठवड्यात द्या. तो तिकडे औषध घेऊन वाट बघत असतो, आणि तो स्वतः कशाची वाट बघतो आहे हेसुद्धा त्याला कोणी सांगितलेले नसते.