मास्तरांचे सहा ब्लॉक

गोधडी शिवायला क्लास लागतो हे ऐकून मास्तरांनी आधी पोटभर हसून घेतलं. मग तो क्लास कोण चालवतं हे कळलं आणि हसू जिथल्या तिथे वाळलं.

काजवाली! त्यांच्याच दुकानात बारा वर्षं दाराजवळच्या स्टुलावर बसून कोटांना काज करणारी, बटणं लावणारी बाई. मशीनला तिला मास्तरांनी कधी हात लावू दिला नव्हता. "तुझा हात बटणापुरता," असं ते येताजाता सुनवायचे आणि आपण किती स्पष्ट बोलतो म्हणून वर स्वतःवरच खूश व्हायचे. तीच बाई आता रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आठ मशिनं मांडून बसली होती आणि चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायका तिला 'टीचर' म्हणत होत्या. क्विल्ट म्हणे! गोधडी म्हणायला जीभ झडते की काय यांची?

पण मास्तरांना तिथे जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, तिथे खुर्ची हवी होती. एक्केचाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले होते. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं, आणि तेव्हापासून ते घरात बसून सुनेला सुधारत होते. चादरीची घडी अशी नाही, तशी. कात्री अशी नाही धरायची. उशीचा अभ्रा कुणी शिवला, आंधळ्याने का? सून बिचारी बरेच दिवस मूग गिळून होती. एका दुपारी मात्र तिने हातातली घडी टेबलावर आपटली आणि म्हणाली, "बाबा, दुपारी चार तास कुणीतरी एकाने घराबाहेर जायला हवं. तुम्ही जाता की मी जाऊ?" मुलगा तिथेच बसला होता. त्याला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

अशात कानावर आलं की क्लासला दुसरा शिकवणारा हवाय. अट एकच. जो कुणी शिकवणार त्याने आधी एक बॅच शिकाऊ म्हणून बसायचं, सहा शनिवारी सहा ब्लॉक शिवायचे आणि मापात बसवून दाखवायचे. ब्लॉक म्हणजे गोधडीचा एक चौकोनी तुकडा. असे वीस-तीस जोडले की झाली गोधडी. मास्तरांना वाटलं, हा काय प्रकार आहे? पोहणाऱ्याला बादलीत उतरवून बघणार का? तरी गेले. मशीनचा आवाज कानावर पडला नाही की त्यांना दिवस संपल्यासारखाच वाटायचा नाही, ही खरी गोष्ट. ते कुणापाशी बोलले नव्हते, पण होतं तसंच.

पहिल्या शनिवारी हॉलमध्ये सात बायका आणि मास्तर. काजवालीने त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "या मास्तर. खिडकीजवळचं मशीन घ्या." ना आश्चर्य, ना आनंद. नमस्कार तेवढा नीट केला.

शेजारी पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई होती, भरल्या अंगाची, बोलकी. "मी आयुष्यात बटणसुद्धा लावलं नाही हो," तिने आल्या आल्या सांगितलं, जणू काही पदक मिळवलंय. "आता स्वतःच्या पलंगासाठी स्वतः काहीतरी करायचं ठरवलंय." पलीकडे एक दातांची डॉक्टर. तिच्यापुढे एक नुकतं लग्न झालेली, खाली मान घालून बसणारी पोर. बाकीच्यांकडे मास्तरांनी पाहिलंही नाही. एकेकीची मशीनवर बसायची तऱ्हा पाहूनच त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. कुणी सुईत दोरा ओवायला चष्मा शोधतंय, कुणी बॉबिन उलटी बसवतंय. एकीने तर चालू मशीनला "थांब ना गं" म्हटलं.

पहिला ब्लॉक नऊ चौकोनांचा. साडेचार इंचाचे चौकोन आधीच कापून ठेवलेले. तीन-तीनच्या पट्ट्या शिवायच्या आणि तिन्ही पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. काजवाली समजावून सांगत होती. शिवण पाव इंचावर घ्यायची, केसभरही इकडेतिकडे नको. पण ऐकतो कोण! तिने तोंड उघडण्याआधीच मास्तरांचं मशीन सुरू झालं होतं. अकरा मिनिटांत ब्लॉक तयार. इस्त्री मारून त्यांनी तो टेबलावर ठेवला, हाताची घडी घातली आणि इतरांचे हाल बघत बसले. छान वेळ गेला त्यांचा.

तासाभराने काजवाली पारदर्शक पट्टी घेऊन प्रत्येकीचा ब्लॉक मोजत आली. मास्तरांच्या ब्लॉकवर तिने पट्टी ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली.

"साडेबारा यायला हवं, मास्तर. साडेअकरा आलंय."

"पट्टी बघ तुझी."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. चाळीस वर्षांची टेप, तिच्यावर देवाइतका विश्वास. साडेअकरा. उलट बाजूने मोजलं. साडेअकराच.

"कापड आटलं," मास्तर म्हणाले.

काजवालीने ब्लॉक उलटा केला. आतल्या शिवणी दोरीने आखल्यासारख्या सरळ होत्या, पण प्रत्येक शिवणीच्या आत अर्धा इंच कापड सोडलेलं. शिंपी ज्याला दाब म्हणतात तो. एक्केचाळीस वर्षं मास्तरांनी प्रत्येक कोटात दाब ठेवला होता, म्हणजे गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की शिवण उसवून कोट मोठा करता येतो. आताही हाताने आपोआप ठेवला होता. एका दिशेच्या दोन शिवणींत दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच जास्त, म्हणजे सरळ एक इंच गायब.

"दाब ठेवलात," ती म्हणाली.

"मग? शिवणकाम म्हटलं की दाब ठेवावाच लागतो."

"कोटवाला जाड होतो, मास्तर. गोधडी जाड होत नाही."

सगळा हॉल हसला. तिने ते चिडवायला म्हटलंही नव्हतं, पण हसण्यासारखं होतं, हसले लोक. पोस्टातली बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि वर मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "म्हणजे तुमचंही चुकतं! चला, बरं वाटलं हो मला."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात कधी त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते या बायांसमोर, या चिंध्यांवर! त्यांनी ब्लेड काढलं, आठच्या आठ शिवणी उसवल्या आणि पुन्हा शिवायला घेतलं. पण हात ऐकेना. पाव इंचावर घ्यायला जावं की बोटं आपोआप कापड आत सरकवायची. शेवटी त्यांनी मशीनच्या पत्र्यावर, सुईशेजारी, कागदी चिकटपट्टीची खूण केली, जी काजवालीने बाकी सगळ्यांना आधीच करायला सांगितली होती. संध्याकाळी ब्लॉक साडेबारा आला. "बरोबर," ती म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या त्या कोरड्या 'बरोबर'चा त्यांना हसण्याहूनही जास्त राग आला.

त्या दिवसानंतर मास्तरांचं माप एकदाही चुकलं नाही. जीभ मात्र सुटली.

दुसऱ्या शनिवारी पोस्टातल्या बाईचा ब्लॉक तयार झाला. एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला ओढलेला, पण तिचा तिने शिवलेला. ती तो खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. मास्तरांनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बघून घ्या. टपालाचं पोतं असं शिवतात. बाई, तीस वर्षं शिक्के मारलेत ना, तेच मारत राहायचं होतं. हात त्याच कामाचा आहे."

बाई हसली. आधी हसलीच ती. मग ब्लॉक परत घेतला, दुमडला आणि पर्सच्या तळाशी घातला. मास्तरांना मनातून बरं वाटलं. फिट्टंफाट झाली.

"मास्तर, तुम्ही तुमच्या मशीनपुरतं बघा," काजवाली म्हणाली.

"शिकवतोय मी. तुला जमत नाही म्हणून."

तिसऱ्या शनिवारी पोस्टातली बाई आली नाही. "गळाली," मास्तर दातांच्या डॉक्टरला म्हणाले. "कामाची माणसं टिकतात, बाकीची गळतात." डॉक्टरने आपला ब्लॉक पुढे ओढला. तिचे स्वतःचे कोपरे एकमेकांना कधी भेटायचे नाहीत, पण शेजारणीचा कोपरा जुळला की ही लहान मुलासारख्या टाळ्या वाजवायची. मास्तरांचं त्या टाळ्या ऐकूनच डोकं उठायचं. दोन तुकडे जोडले की टाळ्या! उद्या सुईत दोरा ओवला तर मिरवणूक काढतील.

चौथ्या शनिवारी त्रिकोणांचा ब्लॉक होता. त्या लग्न झालेल्या पोरीच्या सगळ्या त्रिकोणांची टोकं शिवणीत गेली होती. मास्तर उठले, तिच्या मागे उभे राहिले, तिला काही न विचारता ब्लॉक उचलला आणि ब्लेडने चर्र चर्र करत मधली शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवून टाकली. "हे असलं घरी नेऊ नकोस. सासरचे विचारतील, आईने काही शिकवलं नाही का म्हणून." तुकडे तिच्या पुढ्यात टाकले. पोरीची मान होती त्याहून खाली गेली. तिने तुकडे गोळा केले, उरलेला वेळ मशीनचं चाक नुसतं फिरवत बसली आणि पाचव्या शनिवारी तिच्याही मशीनवर कव्हर होतं.

मास्तरांना वाईट वाटलं का? छे! त्यांना वाटलं, बरं झालं, कचरा गेला, आता क्लासला जरा वळण लागेल. खुर्ची मिळाली की काय काय बदलायचं याची त्यांनी मनातल्या मनात यादीही केली होती. टाळ्या बंद. चहा शेवटी. चुकलं की तिथल्या तिथे उसवायचं.

सहाव्या शनिवारी त्यांनी चांदणीचा ब्लॉक शिवला, सगळ्यांत अवघड असलेला. आठही टोकं सुईसारखी. बाकीच्या बायका निघून गेल्या तशी काजवालीने त्यांचे सहाही ब्लॉक टेबलावर ओळीने मांडले आणि मोजले. साडेबारा, साडेबारा, सहाही वेळा साडेबारा. तिने हात फिरवून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं, ते मास्तरांनाही दिसलं.

"असं काम मी इथे बघितलं नाही," ती म्हणाली. "पास."

मास्तरांच्या छातीतून एवढा मोठा सुस्कारा बाहेर पडला की त्यांनाच लाज वाटली. "मग कधीपासून येऊ? पुढच्या शनिवारपासून?"

"पुढच्या बॅचला माझ्या मदतीला दातांच्या डॉक्टर येणार आहेत."

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ती? तिचा एक कोपरा धड नाही!"

"कोपरे येतील. मी आहे ना."

"मला पास केलंस ना आत्ता? तुझ्या तोंडाने केलंस!"

"शिवणीत केलं." तिने कव्हर घातलेल्या दोन मशिनांकडे बोट दाखवलं. "या दोघींच्या घरी गेले होते मी. पोस्टातल्या बाईंनी घरी नवीन मशीन घेतलं होतं हो, हौसेने. ते विकायला काढलंय. ती पोरगी म्हणाली, मला आता पॅडलवर पाय ठेवला की घाम फुटतो. माझ्या हॉलमधून लोक असे गेलेले मला चालणार नाही, मास्तर."

"अशीच शिकतात माणसं!" मास्तरांचा आवाज चढला. "बारा वर्षं तुला मी असंच शिकवलं. तुझं काय बिघडलं? उभी आहेस ना आज टीचर म्हणून?"

काजवालीने सहाही ब्लॉक एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि त्यांच्या हातात दिले.

"तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत," ती म्हणाली. रागाने नाही, पत्ता सांगावा तशी. "मी रोज रडायचे, मास्तर. घरी जाताना. बारा वर्षं टिकले कारण मला पोट होतं, दोन मुलं होती, दुसरीकडे काम नव्हतं. या बायकांवर तशी वेळ नाही. यांना रडवलं की या सरळ घरी जातात."

मास्तर ब्लॉक काखेत मारून जिना उतरले.

रस्ताभर त्यांनी वाक्य जुळवलं. घरी सून इस्त्री करत होती. त्यांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि ते वाक्य म्हटलं, "नाही जमलं तिथलं. वातावरणच बरोबर नाही. माणसांची पारख नाही त्यांना."

सुनेने शर्टाची बाही उलटवली, तिच्यावर इस्त्री फिरवली आणि मान वर न करता विचारलं, "कुणाला रडवलंत, बाबा?"

"कुणाला नाही."

बाही संपवून तिने कॉलर घेतली. चुकीच्या बाजूने घेतली होती, नेहमीसारखीच, टोकाकडून आत न्यायचं सोडून आतून टोकाकडे. मास्तरांच्या जिभेवर शब्द आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कॉलर हातात घेताना तिचे खांदे आधीच आखडले होते. ती वाट बघत होती.

मास्तर खुर्चीवर बसले.

"तिघींना," ते म्हणाले. "तिथल्या."