फेट्याचं दुसरं टोक

लोखंडी शिरस्त्राणात पाणी ओतलं की पाण्याला डोक्याचा आकार येतो.

तेलगावच्या फाट्यावर उसाची ट्रॉली वळते. मागे दोन ऊस पडतात.

एक लाल तुर्की टोपी. गोंडा उंदरांनी नेलेला.

कापडाखालून जाताना मेंढी मान खाली घालते.

बद्रीनाथ स्वतः कधीच टोपी घालत नाही.

माजलगावात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत जुन्या फौजेची, जुन्या पोलिसांची डोकी. म्हणजे डोक्यांवरचं सगळं. फेटेही आहेत, पण घडी घातलेले, कापड झालेले. ज्यानं घातला त्याच्याच हातचा, अजून न सुटलेला फेटा त्याला कुठं मिळाला नव्हता.

तो उमापुरात मिळाला. साखराबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात. त्यांचे वडील आप्पाराव मेंढरं सोडून निजामाच्या पोलिसात गेले होते. नोकरीच्या शेवटच्या दिवशी बांधलेला फेटा त्यांनी डोक्यावरून तसाच उचलून ठेवला होता.

"देते की," साखराबाई ओट्यावरून म्हणाल्या. "पण सोडून. बांधलेला न्हाई देत."

"मावशी, सोडला तर नुसतं कापड राहील. बापाचा हात हाय त्यात."

"अन् माझा न्हाई का?"

"ऐका त्यांचं," सून बायनाबाई चुलीजवळून म्हणाली. "कवा कवा माझ्याच पदराचं टोक धरून बसत्यात. भाकरी करू देत न्हाईत."

"तू गप गं." साखराबाईंनी अंगणापलीकडच्या चिंचेकडे बोट केलं. "बाप तिथं उभा ऱ्हायचा. एक टोक त्याच्या डोक्याला, दुसरं माझ्या हातात. वेढा घ्यायचा अन् जवळ यायचा. वेढा, अन् जवळ. तसा कवाच जवळ आला न्हाई. लई कडक माणूस. पार माझ्यापस्तोर आला की टोक मी खोचायची. की निघाला ठाण्याला."

"फोटो काढून ठेवू आधी?"

"फोटोला ताण बसतो का रे, बाबा?"

बद्रीनाथ फेटा मांडीवर घेऊन बसून राहिला. काचेची पेटी त्यानं मनात कधीच करून ठेवली होती. साखराबाईंनी हात पुढे केला. त्या फेट्याकडे पाहत नव्हत्या, चिंचेकडे पाहत होत्या.

हातात सोडला तर गुंता झाला असता. डोक्यावर घेणं भाग होतं. त्यानं घेतला.

साखराबाईंनी खोचलेलं टोक काढलं, मुठीत धरलं. तो गोल फिरत मागे जाऊ लागला. पत्रा, आभाळ, चिंच, बायनाबाई, पत्रा, आभाळ. आप्पारावांचा एकेक वेढा सुटून हवेत लांब होत गेला. रानातून मेंढरं परत आली, माना खाली घालून कापडाखालून गेली. त्यांना जायला किती वेळ लागला कोण जाणे. चिंचेपाशी त्याच्या डोक्यावर काहीच उरलं नाही. अंगणभर विटका लाल पट्टा. वाऱ्यानं फुगायचा, बसायचा.

मग पलीकडून ओढ आली. म्हातारीच्या मानाने फार मोठी.

"ताण सोडू नगं, पोरी," साखराबाई म्हणाल्या. पोरी म्हणजे त्या स्वतःच. शब्द बापाचे.

बद्रीनाथनं टोक कपाळाशी धरलं आणि पहिला वेढा घेतला. पाऊल टाकलं. वेढा, पाऊल. फेटा एका कानावर आला, मागे ढिगारा झाला. बायनाबाई पदरात तोंड घालून हसत होती. अंगण लहान होत गेलं आणि शेवटी तो साखराबाईंच्या गुडघ्यांपाशी वाकून उभा राहिला.

त्यांनी लगेच खोचलं नाही. टोक हातात धरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग बोटांनी जागा चाचपली आणि खोचलं.

"जा आता," त्या म्हणाल्या.

गेवराईच्या जीपमध्ये कुणीतरी विचारलं, "पाव्हणं, वरात चुकली का काय?" बद्रीनाथ मान ताठ धरून बसला होता. वरच्या खोलीत त्यानं तो वेडावाकडा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि खोच न हलवता ठेवून दिला.

साखराबाईंचा जन्म होण्याआधी आप्पाराव फेट्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधत.